पद स्वीकारण्याआधीचं पत्र: हॉवर्ड विद्यापीठातलं ल्यूसी स्लो प्रकरण (१९२२–१९३७)

१९२२ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड या प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाने ल्यूसी डिग्ज स्लो यांना 'डीन ऑफ विमेन' हे पद देऊ केलं. विद्यापीठात विद्यार्थिनींसाठी कायमस्वरूपी डीन नेमण्याची ही पहिलीच वेळ. स्लोबाईंनी लगेच होकार दिला नाही. अध्यक्ष जे. स्टॅन्ली डर्की यांना त्यांनी आधी आपल्या अटी लेखी कळवल्या आणि त्या मान्य झाल्यावरच पद घेतलं. त्यानंतर पंधरा वर्षं, २१ ऑक्टोबर १९३७ रोजी मृत्यू येईपर्यंत, त्या या पदावर होत्या. त्यातली पहिली चार-पाच वर्षं उभारणीची होती. उरलेली दहा वर्षं उभारलेलं टिकवण्यात गेली.

या प्रकरणाचा अभ्यास करायचा तो त्या अटींसाठी. कुठली अट नेमकी कशासाठी घातली होती, कुठली शेवटपर्यंत टिकली, आणि कागदावर जे आलंच नव्हतं तिथे काय घडलं, हे या पंधरा वर्षांत स्पष्ट दिसतं. अमेरिकेतल्या ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालयांमधल्या स्त्रियांचा इतिहास बहुधा 'पहिली पदवीधर', 'पहिली डॉक्टर', 'पहिली अध्यक्ष' अशा यादीने सांगितला जातो. ती यादी खोटी नाही. पण पद मिळाल्यानंतर सत्ता हातात कशी येते आणि कशी काढून घेतली जाते, हे त्या यादीतून कळत नाही.

हॉवर्डमध्ये स्त्रिया होत्याच, प्रश्न त्यांच्या जागेचा होता

हॉवर्डची सनद २ मार्च १८६७ ची, म्हणजे यादवी युद्ध संपल्यानंतर दोन वर्षांच्या आतली. विद्यापीठ पहिल्यापासून स्त्री-पुरुष आणि काळे-गोरे सगळ्यांना खुलं होतं. गंमत अशी की पहिल्या विद्यार्थिनी संस्थापकांच्याच गोऱ्या मुली होत्या. १८७२ मध्ये शार्लट रे इथून कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री वकील ठरल्या. तेव्हा दार बंद होतं असं कुणी म्हणू शकत नाही.

पण दार उघडं असणं वेगळं आणि घरात आपलं ऐकलं जाणं वेगळं. विद्यार्थिनींची जबाबदारी मेट्रनकडे असे. मेट्रन म्हणजे आपल्या ओळखीच्या शब्दांत लेडीज होस्टेलच्या रेक्टरबाई, पण त्याहूनही कमी अधिकारांच्या. जेवण, चादरी, आजारपण, रात्रीची हजेरी आणि मुली कुणाबरोबर बाहेर गेल्या याची नोंद, एवढंच त्यांचं काम. अभ्यासक्रम, नेमणुका आणि पैसा ठरवणाऱ्या बैठकीत त्यांना खुर्ची नसे. मुलींबद्दलचा निर्णय पुरुष घेत आणि मेट्रन तो अंमलात आणत.

दक्षिणेतल्या बऱ्याच कृष्णवर्णीय महाविद्यालयांत तर नियमांचा जाच यापेक्षा मोठा होता. कपड्यांवर बंधनं, ठरावीक वेळेला दिवे बंद, मुलांशी बोलण्यावर पहारा, बाजारात जायचं तर सोबतीला मोठी बाई हवी. टेनेसीतल्या फिस्क विद्यापीठात १९२५ च्या फेब्रुवारीत विद्यार्थ्यांनी संप केला त्यामागे असेच नियम होते, आणि एप्रिलमध्ये तिथल्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. या नियमांमागे दोन दडपणं होती. एक चर्चचं, कारण बहुतेक संस्था मिशनऱ्यांनी काढलेल्या. दुसरं त्याहून दुखरं होतं. गुलामगिरीच्या काळापासून गोरा समाज कृष्णवर्णीय स्त्रीला चारित्र्यहीन ठरवत आला होता, आणि त्याला उत्तर म्हणून मुलींचं वागणं काचेसारखं स्वच्छ दिसलं पाहिजे, असं संस्थाचालकांना वाटे. हेतू बचावाचा होता, पण त्याची किंमत मुलीच मोजत होत्या. स्लोबाईंचं म्हणणं साधं होतं: जिच्यावर एकटीने बाजारात जाण्याइतकाही विश्वास टाकला जात नाही, तिच्यात नेतृत्व येणार कुठून?

या बाई कोण होत्या

जन्म व्हर्जिनियातल्या बेरीव्हिलचा. आईवडील लहानपणीच गेले, मार्था प्राइस या आत्याने वाढवलं. तेराव्या वर्षी आत्याबरोबर बाल्टिमोरला आल्या, तिथून शिष्यवृत्ती मिळवून हॉवर्डला. १९०८ मध्ये वर्गात पहिल्या येऊन पदवी घेतली. त्याच वर्षी १५ जानेवारीला हॉवर्डमध्ये 'अल्फा कप्पा अल्फा' ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची पहिली सोरोरिटी, म्हणजे महाविद्यालयीन भगिनीमंडळ, स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत त्या होत्या. पुढे इंग्रजीच्या शिक्षिका, १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. १९१७ मध्ये अमेरिकन टेनिस असोसिएशनच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी महिला एकेरी जिंकली. कृष्णवर्णीय खेळाडूंना गोऱ्यांच्या स्पर्धा बंद असल्यामुळे ही संघटना वेगळी निघाली होती.

पण डीनपदासाठी खरी तयारी झाली ती १९१९ पासून. वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी पहिली ज्युनियर हायस्कूल निघाली आणि तिच्या मुख्याध्यापक म्हणून स्लोबाई आल्या. कर्मचारी नेमणं, वेळापत्रक बसवणं, वरिष्ठांकडून मंजुरी काढणं हे सगळं त्यांनी तिथे केलं. शिक्षकांसाठी कोलंबियाचा विस्तारवर्ग (विद्यापीठाच्या आवाराबाहेर चालणारा वर्ग) त्यांनी आपल्या शाळेतच आणवला आणि त्याला काळे-गोरे दोन्ही शिक्षक बसले. वर्णभेदाच्या वॉशिंग्टनमध्ये ही छोटी गोष्ट नव्हती. हॉवर्डने ज्यांना बोलावलं त्या हातात चालती शाळा असलेल्या मुख्याध्यापक होत्या. नोकरीची गरज असणारा माणूस अटी घालू शकत नाही. स्लोबाई घालू शकल्या, याचं हेही कारण.

अटी, एकेक करून

पत्रातल्या मुख्य मागण्या अशा. प्राध्यापकाचा दर्जा. ठरावीक किमान वेतन. स्वतंत्र कार्यालय आणि मदतीला कारकून. विद्यार्थिनींशी संबंधित कोणतंही धोरण त्यांच्या संमतीशिवाय आणायचं नाही. मुलींची जबाबदारी असलेल्या सर्व स्त्री-कर्मचारी त्यांनाच उत्तरदायी राहतील. आणि राहणं विद्यापीठाच्या आवाराबाहेर.

वाचताना ही साधी यादी वाटते. पण मेट्रनच्या पद्धतीत जी जी भोकं होती, त्यातल्या बहुतेकांवर इथे एकेक ठिगळ आहे.

प्राध्यापकाचा दर्जा मानापानासाठी नव्हता. प्राध्यापकवर्गात बसण्याचा हक्क दर्जातून येतो. पदवी कमी असलेल्या मेट्रनला कोणीही प्राध्यापक 'तुम्ही तुमचं वसतिगृह बघा' म्हणू शकत होता. शिकवणाऱ्या, दर्जा असलेल्या बाईला तसं म्हणणं जड जातं.

धोरणाला संमतीची अट सगळ्यात महत्त्वाची. विद्यार्थिनींवर परिणाम करणारे निर्णय एरवी कधी वैद्यकीय विभागात, कधी वित्तविभागात, कधी विश्वस्तांच्या बैठकीत होत आणि वसतिगृहाला शेवटी कळत. या अटीने निर्णयाच्या वाटेवर एक थांबा ठेवला.

कर्मचाऱ्यांच्या उत्तरदायित्वाची अट चालवणाऱ्याला लगेच पटेल. मेट्रन थेट अध्यक्षांच्या किंवा खजिनदाराच्या हाताखाली राहिली तर डीनला वळसा घालून आदेश जाऊ लागतात आणि महिन्याभरात डीन नावापुरती उरते. साखळी एकच ठेवली की हे होत नाही.

कारकून मागणं क्षुल्लक वाटेल. पण ज्या कार्यालयाचा पत्रव्यवहार डीनलाच रात्री बसून करावा लागतो, तिथे आधी नोंदी ठेवणं थांबतं. आणि नोंद नसली की वाद झाल्यावर दाखवायला काही हातात उरत नाही.

आवाराबाहेर राहण्याची अट ही मेट्रनपणापासून सुटण्याची होती. वसतिगृहात राहणारी बाई चोवीस तासांची राखणदार होते. बाहेर राहणारी बाई डीन राहते, इतर डीनसारखी कार्यालयात येते आणि घरी जाते. स्लोबाई पुढे ब्रुकलंड भागात कर्नी स्ट्रीटवरच्या १२५६ क्रमांकाच्या घरात शिक्षिका आणि नाटककार मेरी बरील यांच्याबरोबर राहत. बरील त्यांच्या आयुष्याच्या जोडीदार होत्या, आणि हे घर त्यांचं स्वतःचं होतं.

आता त्या कागदात काय नव्हतं तेही पाहायला हवं, कारण पुढचा सगळा झगडा तिथूनच फुटला. डीन मंडळाच्या बैठकीतली जागा हमीने दिलेली नव्हती. वेतनवाढ कुणाच्या बरोबरीने व्हायची हे लिहिलेलं नव्हतं. कार्यालयाचं वार्षिक अंदाजपत्रक किती, ते कमी करायचं तर कुणाला विचारायचं, याचा उल्लेख नव्हता. आणि विद्यार्थिनीची तक्रार एखाद्या प्राध्यापकाविरुद्ध असली तर ती कुठल्या रस्त्याने जाईल, हेही ठरलेलं नव्हतं. १९२२ मध्ये डर्कींशी बोलताना या गोष्टी कुणाला सुचणं कठीण होतं, म्हणून हा दोष मी स्लोबाईंवर ठेवणार नाही.

पहिली वर्षं: कार्यालय उभं राहतं

डीन ऑफ विमेन हा व्यवसाय म्हणून तेव्हा नवा होता. शिकागो विद्यापीठात १८९० च्या दशकात या पदाला आकार आला. १९१६ मध्ये गोऱ्या महाविद्यालयांच्या डीन स्त्रियांनी राष्ट्रीय संघटना स्थापली, आणि कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजमध्ये या कामाचा अभ्यासक्रम सुरू झाला. स्लोबाईंनी तो केला. त्या राष्ट्रीय संघटनेतही त्या गेल्या, पहिल्या कृष्णवर्णीय सदस्य म्हणून. संघटनेची अधिवेशनं मोठ्या हॉटेलांत भरत, आणि अशा बहुतेक हॉटेलांत कृष्णवर्णीयांना खोली मिळत नसे. तरी त्या जात राहिल्या, कारण नवं शास्त्र तिथे घडत होतं.

हॉवर्डमध्ये त्यांनी वसतिगृहांचा कारभार बदलला. प्रत्येक वसतिगृहाला मेट्रनऐवजी प्रशिक्षित संचालिका हवी, हा आग्रह. रोजच्या नियमांची बरीच जबाबदारी मुलींच्या स्वतःच्या संघटनेकडे, म्हणजे विमेन्स लीगकडे. नव्या मुलींना वरच्या वर्गातल्या मुलींची सोबत. शिक्षिकापणाच्या पलीकडे कोणते व्यवसाय आहेत याचं मार्गदर्शन. हे शेवटचं त्यांना फार महत्त्वाचं वाटे. कृष्णवर्णीय महाविद्यालयांतल्या मुली बहुतांश शिक्षिका होण्यासाठीच शिकत आणि राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांकडे कमी वळत. १९३३ मध्ये 'जर्नल ऑफ निग्रो एज्युकेशन'मध्ये स्लोबाईंनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या उच्चशिक्षणावर लेख लिहिला आणि त्यात नेमकं यावर बोट ठेवलं. मुली घरून जी जुनी समज घेऊन येतात, चर्च जी शिकवण देतं आणि महाविद्यालय जे विषय पुढे करतं, या तिन्हींच्या एकत्र परिणामाने मुली सार्वजनिक जीवनात मागे राहतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. यातली तिसरी गोष्ट महाविद्यालयाच्या हातात आहे, तेव्हा ती तरी बदला.

दरवर्षी होणारं 'विमेन्स डिनर' ही त्यांच्या कामाची ठळक खूण. विद्यार्थिनी, माजी विद्यार्थिनी, शिक्षिका आणि शहरातल्या कर्तबगार स्त्रिया एका संध्याकाळी एकत्र जेवत. व्यासपीठावर स्त्रिया, भाषणं स्त्रियांची, बैठक चालवणाऱ्याही विद्यार्थिनी. मुलींना सभा चालवायची सवय लावायची तर सभा त्यांच्या हाती द्यावी लागते, हे त्यामागचं गणित. दुसरा फायदा दहा वर्षांनी कळला. संकट आलं तेव्हा पत्रं लिहिणाऱ्या माजी विद्यार्थिनी अशाच जेवणांतून एकमेकींना ओळखत होत्या.

विद्यापीठाबाहेरचा आधार

१९२३ मध्ये स्लोबाईंच्या पुढाकाराने 'नॅशनल असोसिएशन ऑफ कॉलेज विमेन' उभी राहिली. वॉशिंग्टनमधल्या कृष्णवर्णीय पदवीधर स्त्रियांचा एक क्लब १९१० पासून होता, त्यातून ही राष्ट्रीय संघटना निघाली आणि स्लोबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. अमेरिकन विद्यापीठीय स्त्रियांची मोठी संघटना कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या पदवीधरांना सदस्य म्हणून घेत नसे, हे एक कारण. दुसरं जास्त कामाचं. कृष्णवर्णीय महाविद्यालयांत विद्यार्थिनींसाठी प्रशिक्षित, प्राध्यापकाच्या दर्जाची डीन असावी, हा आग्रह संघटना करू लागली. थोडक्यात, स्लोबाईंनी १९२२ च्या पत्रात स्वतःसाठी मागितलं ते आता इतर महाविद्यालयांकडे मागितलं जात होतं.

१९२९ च्या मार्चमध्ये हॉवर्डच्या आवारात कृष्णवर्णीय संस्थांमधल्या डीन स्त्रियांची परिषद भरली, आणि तिच्यातून त्यांची स्वतंत्र संघटना झाली. एका गावात एकटी असलेली डीन तिथे दुसरीला विचारू शकत होती: तुमच्याकडे वसतिगृहाची संचालिका कुणाच्या हाताखाली आहे? तुम्हाला प्राध्यापकांच्या बैठकीला बोलावतात का?

ही पदं किती धोक्याच्या वाटेवर होती त्याचा एक प्रसंग इथे नोंदवायला हवा. फिस्कच्या डीन ऑफ विमेन ज्युलिएट डेरिकॉट यांची मोटार नोव्हेंबर १९३१ मध्ये जॉर्जियातल्या डाल्टनजवळ अपघातात सापडली. तिथल्या गोऱ्यांच्या रुग्णालयाने कृष्णवर्णीयांना दाखल केलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी चॅटनूगामध्ये त्यांचा मृत्यू झाला. याच डेरिकॉट १९२८ मध्ये जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी संघाच्या परिषदेसाठी म्हैसूरला आल्या होत्या.

१९२६–२७: नवा अध्यक्ष आणि एक तक्रार

१९२६ मध्ये मॉर्डेकाय जॉन्सन हॉवर्डचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले आणि १९६० पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांचं काम मोठं आहे, आणि ते न सांगता हे प्रकरण लिहिणं अन्यायाचं होईल. १९२८ मध्ये अमेरिकी संसदेने हॉवर्डच्या वार्षिक अनुदानाला कायद्याचा आधार दिला, तो त्यांच्याच काळात. कायदा महाविद्यालयाला त्यांनीच बळ दिलं, आणि नागरी हक्कांचे खटले लढणारी पिढी तिथून निघाली. वंशाच्या न्यायासाठी इतकं करणाऱ्या माणसाने आपल्याच विद्यापीठातल्या स्त्री-डीनचे अधिकार एकेक करून कमी केले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

फाटण्याची सुरुवात १९२७ मध्ये झाली असं अभ्यासक मानतात. एका पालकाने स्लोबाईंकडे लेखी तक्रार केली: एक प्राध्यापक वर्गात मुलींसमोर अनुचित भाषा वापरतात. स्लोबाईंनी त्या प्राध्यापकाशी थेट वाद घातला नाही. तक्रार त्याच्या महाविद्यालयाच्या डीनकडे नेली. रीत म्हणून हे बरोबरच होतं. पण तक्रार प्राध्यापकापर्यंत पोचली तेव्हा ती कुणी आणली हेही पोचलं, आणि त्याने स्लोबाईंना अपमानास्पद पत्र पाठवलं. त्या हे पत्र घेऊन अध्यक्षांकडे गेल्या. प्राध्यापकाला नोकरीवरून काढलं नाही. पुढच्या पदवीच्या अभ्यासासाठी त्याला रजा मिळाली.

इथे काय काय बिघडलं ते सुटं करून पाहू. तक्रारीचा मूळ विषय वर्गातल्या मुली होत्या. दोन पायऱ्यांनंतर तो 'डीनबाई आणि प्राध्यापक यांचं भांडण' झाला आणि मुली चित्रातून गेल्या. तक्रार आणणारी व्यक्ती उघडी पडली. आरोप असलेल्याची रजा शिक्षा म्हणून दिसत नव्हती, उलट बढतीच्या वाटेवरची सोय दिसत होती. आणि संस्थेच्या नजरेत अडचण ठरली ती तक्रार पुढे नेणारी बाई. अशा प्रकरणांचा निकाल लावणारी समिती नव्हती, मुदत नव्हती, लेखी निष्कर्ष द्यायची सक्ती नव्हती. सगळं अध्यक्षांच्या मर्जीवर.

जिथे कागद गप्प होता

त्यानंतर जे झालं ते एका झटक्यात झालं नाही, म्हणून त्याविरुद्ध लढणंही कठीण गेलं. पुरुष डीनांच्या बरोबरीने स्लोबाईंचं वेतन वाढेना. डीन मंडळाच्या बैठकांमधून त्यांना वगळण्यात आलं. कार्यालयाच्या मदतनिसांवर आणि पैशावर कात्री आली. मंदीचा काळ होता, तेव्हा प्रत्येक कपातीला 'पैसे नाहीत' हे कारण तयार होतं. एकेक निर्णय सुटा पाहिला तर काटकसरीचा वाटतो. एका कागदावर क्रमाने मांडले तर दिशा दिसते. स्लोबाईंनी ते क्रमाने मांडले आणि विश्वस्तांपुढे ठेवले.

बैठकीतून वगळणं हा यातला सगळ्यात खोल घाव, असं मला वाटतं. त्यांच्या संमतीशिवाय धोरण आणायचं नाही, ही अट अजून कागदावर होती. पण धोरण जिथे जन्मतं त्या खोलीत तुम्ही नसलात तर संमती मागायला कुणी येत नाही. ठरलेलं फक्त कळवलं जातं. अट मोडल्याचं सिद्धही करता येत नाही, कारण चर्चा झाली केव्हा हेच तुम्हाला ठाऊक नसतं.

याच दिवसांत एक मोठं यशही आलं, आणि ते त्यांचंच होतं. मुलींची राहण्याची जागा वर्षानुवर्षं अपुरी होती. संसदेच्या पैशातून १९३१ मध्ये विद्यार्थिनींसाठी तीन नवी वसतिगृहं उघडली. मुलींचं स्वतःचं आवार असावं, तिथे फक्त झोपायच्या खोल्या नकोत तर बैठकीच्या, वाचनाच्या, पाहुण्यांच्या जागाही हव्यात, ही स्लोबाईंची जुनी मांडणी. एका इमारतीला सोजर्नर ट्रुथ यांचं नाव मिळालं. गुलामगिरीतून सुटून स्त्रियांच्या हक्कांसाठी बोलणाऱ्या बाईच्या नावाखाली मुली राहायला आल्या.

१९३३: घराचा प्रश्न

नवी वसतिगृहं झाल्यावर दोन वर्षांत आदेश आला की डीन ऑफ विमेन यांनी आवारात राहायला यावं. कारणं काटकसर आणि देखरेख. वरवर पाहता मागणी अवाजवी वाटत नाही, मुली इथे राहतात तर त्यांची डीन इथे का नको?

स्लोबाईंनी नकार दिला. त्यांचा युक्तिवाद तीन खांबांवर उभा होता. एक, आवाराबाहेर राहणं ही १९२२ च्या नेमणुकीची मान्य झालेली अट आहे. दोन, विद्यापीठातल्या इतर कुठल्याही डीनवर ही सक्ती नाही. तीन, वसतिगृहांत राहण्यासाठी प्रशिक्षित संचालिका आहेतच. डीनने तिथे राहायचं म्हणजे डीनला पुन्हा मेट्रन करायचं. तिसरा मुद्दा खरा होता, पण लढाई पेलली ती पहिल्याने. दर्जाबद्दल वाद घालता येतो. लेखी मान्य झालेल्या अटीबद्दल फार घालता येत नाही.

माजी विद्यार्थिनींनी आणि स्त्रियांच्या संघटनांनी विश्वस्तांकडे पत्रं पाठवली. विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष तेव्हा अब्राहम फ्लेक्सनर होते; अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणावरच्या १९१० च्या अहवालाने ज्यांचं नाव झालं ते हेच. वाद लांबला, कडवटपणा वाढला. स्लोबाई कर्नी स्ट्रीटवरच राहिल्या, अखेरपर्यंत.

घरावर एवढा हट्ट का, असा प्रश्न तेव्हाही काहींना पडला असेल. त्याचं उत्तर त्या घराच्या वापरात आहे. विद्यार्थिनी तिथे येत, मागच्या बागेत गप्पा होत, पाहुण्या भेटत. आवारात एखाद्या पोक्त मुलीला दुसऱ्या स्त्रीच्या घरी बसून, कुणी ऐकत नाही या भरवशाने, बोलता येईल अशी जागाच नव्हती. शिवाय त्या घरात दोन स्त्रियांचा पंधरा वर्षांचा संसार होता. आवारातल्या विद्यापीठाच्या निवासात बरील यांना जागा मिळाली नसती.

याच काळातला हॉवर्डचा आणि महाराष्ट्राचा एक धागा आहे. धर्मशास्त्र विद्यालयाचे डीन बेंजामिन मेज १९३६ च्या अखेरीस भारतात आले आणि वर्ध्याला गांधीजींना भेटून अहिंसेबद्दल प्रश्न विचारून गेले. डीन म्हणून मेज हॉवर्डच्या निर्णयप्रक्रियेचा भाग होते. त्याच विद्यापीठातली दुसरी डीन त्या वेळी आपल्या खुर्चीसाठी पत्रं लिहीत होती.

१९३७ आणि नंतर

१९३७ च्या उन्हाळ्यात स्लोबाई आजारी पडल्या. कार्यालय चालवणं शक्य नव्हतं. मेरी बरील यांनी नंतर विश्वस्तांना जे लिहिलं त्यात गंभीर आरोप आहे: स्लोबाई मृत्युशय्येवर असताना अध्यक्षांनी निरोप पाठवला की चोवीस तासांत कामावर रुजू व्हा, नाहीतर जागी दुसरी व्यक्ती नेमली जाईल. हे जोडीदाराचं, शोकातलं म्हणणं आहे आणि ते तसंच वाचायला हवं. पण दहा वर्षांचा क्रम समोर असताना ते सहज बाजूला टाकता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वॉशिंग्टनमध्ये सरकारी नोकरीसाठी आलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी एक मोठं वसतिगृह बांधलं गेलं, त्याला 'ल्यूसी डिग्ज स्लो हॉल' हे नाव दिलं. पुढे ते हॉवर्डकडे आलं. शहरातल्या एका प्राथमिक शाळेलाही त्यांचं नाव मिळालं. १९२९ च्या परिषदेतून निघालेली डीन स्त्रियांची संघटना १९५४ मध्ये पुरुष डीनांच्या संघटनेत विलीन झाली. त्या विलीनीकरणानंतर आणि 'डीन ऑफ विमेन' हे पदच 'डीन ऑफ स्टुडंट्स'मध्ये विरघळल्यावर, विद्यार्थिनींसाठी स्वतंत्र बोलणारी खुर्ची बऱ्याच ठिकाणी गेली. काही अभ्यासक याकडे प्रगती म्हणून पाहतात. मला ते पूर्ण पटत नाही. समान पदाच्या नावाखाली वेगळा अधिकार काढून घेतला गेला, असंही त्याचं वाचन होऊ शकतं.

स्लोबाईंच्या पत्रांच्या प्रती, अहवाल, अंदाजपत्रकांवरचा पत्रव्यवहार हे सगळं आज हॉवर्डच्याच मूरलंड-स्पिंगार्न संशोधन केंद्रात जपलेलं आहे. १९२२ च्या अटींपासून १९३३ च्या नकारापर्यंतचा क्रम लावता येतो तो त्या कागदांमुळे. पहिल्याच पत्रात त्यांनी एक कारकून मागितला होता.